टेकडीवरची अदलाबदल

पेट्रोल भरायला ती आजोबांच्या जुन्या गाडीतून उतरली, तेव्हा मागे एक पांढरीशुभ्र नवी गाडी कधी येऊन थांबली ते तिला कळलंसुद्धा नाही.

"इंजिनबिंजिन आहे की नाही हिला?" तिने वळून विचारलं.

"नाही! विजेवर चालते," आतला तरुण ऐटीत म्हणाला. "पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही."

"मग पंपावर काय करताय?"

"हवा भरायला आलोय."

"ती तर डोक्यात भरपूर दिसतेय..."

चिडायचं सोडून तो खो-खो हसला. तिथेच ती थोडीशी फसली.

मग दर रविवारी भेट आणि भेटीत भांडण ठरलेलं. त्याच्या गाडीत रस्ता सांगणारी बाई. तिच्या गाडीचं दार लावलं की अख्ख्या गल्लीला खबर. "हिला संग्रहालयात ठेव," तो म्हणायचा. "तुझी भंगारात जाईल ना, तेव्हाही माझी मिरवेल," ती सुनावायची. घरात इतकी भावंडं असून बाबांनी किल्ली दिली होती ती हिलाच! गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, एवढीच अट. त्या किल्लीपायी ती नाक वर करून चालायची.

तरीही एका संध्याकाळी, टेकडीच्या पायथ्याशी, "एकदा चालवू दे ना" म्हणणाऱ्या त्याच्या डोळ्यांकडे बघून ती विरघळली आणि किल्ल्यांची अदलाबदल झाली. तो तिच्या गाडीत पुढे, ती त्याच्या गाडीत मागे. वर पोचल्यावर सूर्यास्त बघायला तो सवयीने नुसताच उतरला. त्याची गाडी थांबली की आपला ब्रेक आपणच लावते. हिचा हँडब्रेक हाताने ओढावा लागतो. म्हातारी निवांत मागे घसरली आणि त्याच्याच गाडीवर धडकली! नवीचा बंपर तुटून लोंबला. जुनीच्या मागच्या पत्र्याला नुसता पोचा आला.

"माझ्याच हातून झालं असं सांगते," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुला दिली होती हे कळलं तर किल्ली गेलीच."

तो तिच्या मागोमाग थेट तिच्या घरापर्यंत आला.

घरी बाबांनी पोच्यावरून हात फिरवला. "कुणाच्या हातून?"

"माझ्या—"

"माझ्या हातून, काका," तो पुढे झाला. "हँडब्रेक विसरलो. तिचा दोष नाही, मीच मागे लागलो होतो."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग लेकीपुढे तळहात धरला. तिने मुकाट्याने किल्ली ठेवली.

"पोचा ज्याने पाडला त्यानेच काढायचा," ते त्याला म्हणाले. "रविवारी ये." आणि आत गेले.

फाटकापाशी तो खालच्या मानेने उभा राहिला. "किल्ली गेली तुझी... माझ्यामुळे. रागावलीस?"

"जीव तुटला रे," ती म्हणाली. "पण तू बाबांसमोर उभा राहिलास ना... किल्लीचासुद्धा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता मला."

त्याने मान वर केली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझी गाडी भारी, हे मान्य?"

"छे! गाडी माझीच भारी," तिने मान ताठ केली. "पण माणूस... माणूस मला तुझ्या गाडीतलाच हवाय."