सात दहाची तार

चैतरामला खोटी बातमी खपत नसे. कलकत्त्यातल्या एका विलायती वृत्तसंस्थेत तो तातडीच्या बातम्यांचा संपादक होता. लंडन म्हणा, कैरो म्हणा, कुठूनही काही आलं तरी त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. त्यातून मरणाची बातमी असली की स्वारी अडूनच बसायची. दोन वेगळ्या ठिकाणांहून आली तरच खरी, असा त्याचा नियम. सुएझच्या लढाईची धामधूम ओसरली, तशी पंधरा दिवसांची रजा काढून तो गोंदियाजवळच्या सालेकसाला घरी आला होता.

सकाळी नऊचा सुमार. धाकटी बहीण रुख्मा मागच्या अंगणात भांडी घासत बसली होती. एक कावळा आला आणि थेट तिच्या डोक्यावर बसला. हाकलला तरी लवकर उडेना. आई सुलोचनाबाई धान पाखडत होती, तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"चैतराम, टेशनावर जाय. मामाले तार कर. रुख्मा मेली म्हणून लिही."

"आई, थे भांडे घासून राहिली ना!"

"म्हणून तं सांगतो. कावळा डोक्यावर बसला का मेल्याची खोटी खबर धाडा लागते. तिकडं कोणी रडलं का इकडचं टळते. काऊन उभा आहेस? जाय!"

चैतराम गेला. तारेचा फॉर्म घेतला, 'रुख्मा वारली' एवढं लिहिलं, आणि हात अडला. दहा वर्षं असल्या बातम्या अडवल्या, आता स्वतःच पाठवायची? त्याला स्वतःचीच लाज वाटली. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन सांगितलं, "केली तार." बातमीत खोटं न चालणारा हा माणूस आईशी मात्र बिनदिक्कत खोटं बोलला.

दुपारी दोनला स्टेशनवरचा सुखराम तार घेऊन आला. गोंदियाहून चुन्नीलालमामाची होती. 'रुख्माची बातमी कळली. घरात रडारड. संध्याकाळच्या गाडीने निघतो.'

"रडला ना माहा भाऊ!" आईने डोळे पुसले आणि सुखरामच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "टळलं बापा, टळलं."

चैतरामने खिसा चाचपला. न पाठवलेला फॉर्म अजून तिथेच होता. सवयीने त्याची नजर मजकुरावरून वेळेकडे गेली. मामाने गोंदियात तार दिल्याची वेळ सकाळी सात दहा. कावळा बसला नऊला.

तो सुखरामच्या मागे रस्त्यापर्यंत गेला. "सुखराम... टाइम चुकला असंल."

"नाही जी. लाइन बंद होती म्हणून उशीर झाला. तारबाबूनं दोनदा इचारलं गोंदियाले. सात दहाच."

मग मामाला सांगितलं कोणी? चैतराम परत आला आणि मागच्या दारात उंबऱ्यावर बसला. जेवणाची भांडी घेऊन रुख्मा पुन्हा त्याच जागी बसली होती.

"दादा, असा काऊन पाहून राहिला मले?"

"काही नाही... तू आत ये. माह्यासमोर बस."

"येतो ना. एवढे भांडे होऊ दे."

तिला हसू येत होतं. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान पोरासारखी. तो मनाला समजावत राहिला. बातमी एकाच ठिकाणची आहे. मामाचा काहीतरी घोळ झाला असेल. एकाच्या भरवशावर मरण खरं धरायचं नसतं. आजवर धरलं नाही, आज तर मुळीच धरायचं नाही.

पुढच्या दाराची कडी वाजली. चैतराम उठून गेला. सुखरामच होता, धापा टाकत.

"आणखी एक आली जी... तिरोड्याहून. तुमच्या मावशीची."

चैतरामने हात पुढे केला नाही. तो कान देऊन उभा राहिला. मागच्या अंगणातून भांड्यांचा आवाज मघापर्यंत येत होता.