डाव्या अंगानं बसलेली जीप

भिवाजीची जीप चौदा वर्षांची होती, आणि त्या वयाच्या जीपला जे जे होतं ते सारं तिला होऊन गेलं होतं. थंडीत सेल्फ उचलायची नाही, धक्का मारावा लागे. उन्हाळ्यात इच्चोड्याच्या चढावर रेडिएटर उकळायचं, मग बोनट उघडून, पाण्याचा डबा हातात धरून रस्त्याच्या कडेला थांबणं आलं. वॉटरपंप एकदा बदलला होता, हेड गॅस्केट दोनदा. आदिलाबादजवळच्या मावल्यात उद्धवराव मिस्त्रीचं गॅरेज भिवाजीच्या घरापासून दोनशे पावलांवर होतं. भिवाजीची बायको पंचफुला म्हणायची, की जीप घरी पाहुणी येते आणि मुक्काम गॅरेजात करते.

भिवाजीला त्याचं काही वाटत नसे. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये त्यानं बावीस वर्षं ट्रक चालवला होता. मालकानं ड्रायव्हर कमी केले तेव्हा हातात आलं त्यातून त्यानं ही आखूड चासीची जीप लिलावात घेतली. यंत्र जुनं झालं की मागतं, आपण द्यायचं, एवढंच तो जाणून होता. रोज सकाळी सातला तीन मास्तरीणबाईंना घेऊन तो हायवेनं नेरडीगोंड्याकडं निघे, आडवाटेच्या शाळांवर त्यांना सोडी, दिवसभर तिकडची किरकोळ भाडी मारी आणि संध्याकाळी त्यांना घेऊन परत येई. वय चोपन्न झालं होतं. घरी आल्यावर पाठ सरळ करायला त्याला अर्धा तास लागायचा.

शहाण्णवच्या संक्रांतीनंतर जीप डाव्या अंगानं बसायला लागली. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची कमान असते, गाडीचं सारं ओझं तीच पेलते. डावीकडची कमान चपटी झाली होती. उद्धवरावनं मेन पाटा बदलला, बुश बदलले, मजुरी धरून सहाशे रुपये झाले. तीन आठवड्यांत जीप पुन्हा बसली. मग उद्धवरावनं पाटे लोहाराकडून तापवून, कमान चढवून आणले. तेही महिनाभर टिकले. शेवटी त्यानं एक जादा पाटा घातला, तेव्हा कुठं जीप सरळ उभी राहिली. पण होळी झाली, जीप पुन्हा बसली, आणि एक दिवस ती गॅरेजसमोरून जाताना उद्धवरावनं हात करून थांबवली.

"भिवाजी, डाव्या बाकावर कोन बसते?"

जीपमध्ये मागं समोरासमोर दोन बाक होते. भिवाजीनं सांगितलं की बसतात त्या तीन बाया, आणि त्यांचं तिघींचं मिळून दोन माणसांएवढं वजन नाही. हे सांगताना त्याच्या लक्षात आलं, की डाव्या बाकावर त्यानं कुणाला बसलेलं पाहिलेलंच नाही. आरशात त्याला रोज तिघी दिसत, खांद्याला खांदा लावून, उजव्या बाकावर दाटीवाटीनं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आशाबाईंना विचारलं. त्या तिघींत मोठ्या, शांत बाई. वीस वर्षं शिकवत होत्या.

"भाऊ, तिकडं जागा कुठी असते?" त्या म्हणाल्या.

मग आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आल्यासारखं झालं. त्यांनी दुसऱ्या दोघींकडं पाहिलं. त्या दोघी बाहेर पाहत होत्या. पुढचा सारा रस्ता डावा बाक रिकामा होता.

भिवाजी अंगारेधुपारे मानणारा माणूस नव्हता. त्यानं आधी चासी वाकली का ते पाहिलं. उद्धवरावनं दोरी धरून चारही बाजू मापल्या. चासी सरळ होती. मग भिवाजी जुन्या जिनिंगमध्ये गेला. मे महिना होता, कापसाचा हंगाम संपलेला, गाड्या तोलायचा मोठा काटा रिकामा पडला होता. काट्यावरचे मारोतराव त्याच्या ओळखीचे. आर.सी. बुकात जीपचं रिकामं वजन बारा क्विंटल लिहिलेलं होतं. काटा साडेबारा दाखवत होता. दोघांनी वरचं कॅरिअर सोडलं, स्टेपनी उतरवली, सीटखालचे पाने-पक्कड काढून बाजूला ठेवले. काटा साडेबारालाच राहिला. मारोतराव स्वतः चढून तोलले गेले, त्यांचं वजन बरोबर निघालं. जुन्या गाडीला चिखल लय धरतो, असं हसत म्हणून त्यांनी भिवाजीला चहा पाजला.

त्या उन्हाळ्यात स्टिअरिंगही ओढायला लागलं. इच्चोडा मागं पडल्यावर, हायवेच्या डाव्या अंगाला मोहाचं एक झाड आहे, तिथून एक बैलगाडीची वाट रानात जाते. नेमकं तिथं आलं की चाक डावीकडं ओढ घेई. दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागे. उद्धवरावनं टायरॉडचे एण्ड बदलले, किंगपिन बदलले, अलाइनमेंट केलं. भिवाजीनं पैसे दिले आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती ती सांगितली. जाताना गाडी डावीकडं ओढायची. येताना, त्याच झाडाजवळ, उजवीकडं.

उद्धवराव हात पुसत उभा राहिला. मग त्यानं दुसऱ्या गाडीचं काम हातात घेतलं.

पोळा झाल्यावर भिवाजीनं जीप पुन्हा तोलली. साडेतेरा. मारोतराव या वेळी हसले नाहीत. क्लच प्लेट आठ महिन्यांत जळली होती, एरवी ती तीन वर्षं जाते. डिझेल जास्त लागत होतं. रिकामी जीप दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना भरल्या गाडीसारखी कण्हायची. हे सगळे रोग भिवाजीच्या ओळखीचे होते. ट्रकवर असताना त्यानं ते शंभरदा पाहिले होते. ओझं जास्त झालं की हेच होतं, दुसरं काही नाही.

डिसेंबरात नेरडीगोंड्याच्या अलीकडच्या उतारावर ब्रेकचा पेडल पायाखाली सपाट गेला. मागं तिघी बाया होत्या. भिवाजीनं गिअर उतरवत उतरवत जीप रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगात घातली. कुणाला लागलं नाही. आशाबाई खाली उतरल्या, पदर नीट केला आणि नम्रपणे म्हणाल्या की उद्यापासून आम्हाला बसच बरी. त्याच्यावर त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच त्याला जास्त लागलं. तीस वर्षं गाडी चालवली, त्यानं कधी कुणाला गिट्टीत उतरवलं नव्हतं.

उद्धवरावनं चाकं उघडली. ब्रेकचे लायनर दोन महिन्यांपूर्वीच बसवले होते, ते पार घासून रिबिटापर्यंत आले होते. त्यानं ते काढून भिवाजीच्या पुढ्यात ठेवले.

"खरं सांगा. तुमी मागं मानसं कोंबून राह्यले."

"नाई."

"मंग हे काऊन झालं?"

भिवाजीनं एक लायनर उचलून उलटसुलट पाहिला. दोघांची वीस वर्षांची ओळख होती, आणि उद्धवरावचा त्याच्यावर विश्वास बसला नाही हे त्याला दिसत होतं. उद्धवरावनं नवे लायनर बसवले, मजुरी घेतली नाही, आणि यापुढं ही गाडी माझ्याकडं आणू नका म्हणाला.

जानेवारीत भिवाजी शेवटचा काट्यावर गेला. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. मारोतरावांनी त्याला मधे घेतलं. भिवाजी उतरून बाजूला उभा राहिला. जीप रिकामी होती, दोघांनी आत वाकून पाहिलं होतं. मारोतरावांनी काट्याचा दांडा सोडला, वजनं सरकवली. पंधरा क्विंटलच्या पुढं दांडा वर आला, पण थांबेना. बारीक बारीक हलत राहिला. मारोतरावांनी दोनदा हातानं धरून सोडला. तो पुन्हा हलायला लागला.

"बैलं जुंपलेली गाडी असली की असाच हलते," मारोतराव हळूच म्हणाले. "जितं असलं की."

त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. पुढच्या गाडीवाल्याला हाक मारली.

त्या रात्री भिवाजी जेवला नाही. पंचफुलानं विचारलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. मग ती म्हणाली की इतके दिवस मी तुमच्या जीपमध्ये कधी बसले का ते आठवून पाहा. त्याला आठवेना. पंढरकवड्याला लेकीकडं गेली तीही बसनं गेली होती, त्यानं नेतो म्हटलं तरी. काऊन, म्हणून त्यानं विचारलं. तिनं ताटं उचलली.

"ईकून टाका," ती म्हणाली. "भंगारात गेली तरी चालन."

नेरडीगोंड्याचे पांडुरंगराव पिठाच्या चक्कीसाठी इंजिन शोधत होते. जीप घेतो म्हणाले, बाकीची तोडून टाकू. मार्चच्या एका सकाळी भिवाजीनं आर.सी. बुक पिशवीत घातलं आणि निघाला. पंचफुला दारात उभी होती. परत कसे येणार, तिनं विचारलं. दुपारच्या बसनं, तो म्हणाला.

जीप रिकामी होती आणि तिला रस्ता ओढवत नव्हता. वाटेतल्या गुडीहत्नूरपर्यंत त्याला दीड तास लागला. डावा मागचा मडगार्ड टायरला घासत होता, खड्ड्याखड्ड्यात रबर जळाल्याचा वास येत होता. इच्चोड्याच्या चढावर त्यानं थांबून पाणी घातलं. रेडिएटरनं ते सगळं घेतलं आणि पुन्हा मागितलं. त्यानं आणखी घातलं. शेतांत कापूस वेचून झाला होता, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. नऊ वाजले होते आणि ऊन आत्ताच अंगाला लागत होतं. त्याला फार थकवा आला होता. आजचा नाही, वर्षाचा.

मोहाचं झाड आलं. खाली फुलांचा सडा पडलेला, गोड आंबूस वास. चाकानं डावीकडं ओढ घेतली.

भिवाजीनं दोन्ही हातांनी धरलं, रोजच्यासारखं. मनगटं दुखत होती. वर्षभर त्यानं ते असंच धरलं होतं, जाताना आणि येताना. एवढं धरून ठेवून कुणाचं काय भलं झालं होतं?

त्यानं हात सैल सोडले.

जीप हायवेवरून सावकाश उतरली आणि बैलगाडीच्या चाकोरीत बरोबर बसली. चाक आता ओढत नव्हतं. मैल-दीड मैल पऱ्हाट्यांमधून जाऊन वाट संपली. तिथं मातीची पाच घरं होती, अंगणं नुकती सारवलेली. दारं उघडी होती. प्रत्येक दारासमोर पाण्यानं भरलेला एक तांब्या ठेवला होता. दुरून चालत आलेल्या माणसानं घरात शिरण्याआधी पाय धुवावेत म्हणून ठेवतात तसा.

माणूस एकच होतं. एक म्हातारी, पांढऱ्या काठाचं लुगडं नेसलेली, पहिल्या घराच्या उंबऱ्यावर बसलेली. जीप पाहून ती उठली. घाई नव्हती तिला.

"लय दिवस लावले बापा," ती म्हणाली.

भिवाजीनं इंजिन बंद केलं. मी कोणाला आणलं, असं त्याला विचारायचं होतं. म्हातारी त्याच्या बाजूनं मागं गेली, आणि जीपची मागची फळी खाली पडल्याचा आवाज आला.

पाटे करकरले. जीप डावीकडून बोटभर वर आली.

त्यानं आरशात पाहिलं नाही. तो समोर पाहत होता. पहिल्या घरासमोरचं सारवण ओलं झालं.

पुन्हा पाटे करकरले. जीप आणखी वर आली. मग पुन्हा. आवाज दुसरा काहीच नव्हता, ना पावलांचा, ना बोलण्याचा. दुसऱ्या दारासमोर पाणी सांडलं, मग तिसऱ्या. घासणारा मडगार्ड टायरपासून सुटला, ते त्याला बुडाखाली कळलं. वर्षभरानं जीप सपाट उभी राहत होती.

झालं असं वाटून त्यानं किल्लीला हात घातला.

म्हातारी खिडकीशी आली होती. तिनं तळवा वर केला.

"थांबा जरा. अजून उतरून राह्यले."

तो थांबला. उन्हात बोनट टकटक वाजत गार होत होतं. जीप आणखी एकदा हलली, अगदी हलकी, पोर उतरावं तशी. मग ती हलायची थांबली. पाचही तांबे रिकामे होते.

म्हातारीनं ते पाहिले. ती आत गेली, आणि आणखी एक तांब्या भरून घेऊन आली. तो तिनं भिवाजीच्या दाराखाली, जमिनीवर ठेवला, आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली.

भिवाजीनं खाली पाहिलं. तो अजून सीटवरच बसलेला होता. हात स्टिअरिंगवर होते, पाय पेडलवर.

पाटे करकरले, आणि त्याच्या बाजूनं, तोच उतरावा तशी, जीप बोटभर वर आली.