चार नंबरची काच

सर्वेवाली पोरगी आमच्या शीतगृहात पहिल्यांदा आली, तेव्हा तीन नंबरच्या खोलीच्या दारात धुक्यातून एकदम गारठ्या पुढं आला. ती बिचारी किंचाळायचीच बाकी राहिली. गारठ्या म्हणजे आमचा आतला हमाल. दिवसभर गोठत पेट्या रचायच्या, बोलायचं कमी, भुवयांवर कायम पांढरं.

ती श्वास सावरत म्हणाली, "जिवंत आहात ना?"

"पगाराच्या दिवशी असतो."

दोघं हसली, आणि मी मनात म्हटलं, हे प्रकरण वाढणार.

साहेबांना कामगारांची मतं हवी होती, नाव न विचारता. ती मतं कागदावर घ्यायची का टॅबवर, हे आठवडाभर दोन्ही वापरून तिनं ठरवायचं. शनिवारी निकाल सांगून ती दुसऱ्या कंपनीकडं जाणार. टॅब प्रत्येक खोलीत भिंतीला ठोकले. तीनला लागूनची चार नंबरची खोली माल नसल्यानं कुलूपबंद, पण यादीत होती म्हणून तिथंही एक ठोकला आणि मी परत कुलूप लावलं, खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडंच असतात.

गारठ्यानं कागद घेतला नाही. म्हणाला, मुकादम सगळ्यांचं अक्षर ओळखतो. तिनं समजावलं, नुसती खूण तर करायचीय.

"माझी खूणही ओळखतो."

"आणि मी ओळखली तर?"

यावर हा आपला स्वतःचे बूट बघत बसला.

राहिला टॅब. त्यावर त्याचं बोटच लागेना. हातमोजा काढला, बोट चोळलं, फुंकलं... काच ढिम्म. जणू समोर माणूसच नाही. तरी रोज जेवणाच्या सुट्टीत एकटाच तीन नंबरमध्ये जाऊन दाबायचा. मग ती कापड घेऊन काच पुसायला जायची, आणि दोघं किती वेळ पुसायची ते विचारू नका. पॅकिंगच्या मावशी म्हणायच्या, एवढा आरसा पण कोणी पुसत नाही गं.

गुरुवारी ती माझ्याकडं आली ती चेहरा पांढरा करून. चार नंबरमधून उत्तरं येत होती. कुलूप तसंच, किल्ली माझ्या कमरेला. बाकी प्रश्न कोरे, एकाचंच उत्तर. 'इथं तुमचं ऐकणारं कोणी आहे का?' रोज 'नाही.'

मी म्हटलं, थंडीनं पाणी धरतं काचेवर, थेंबानं दाबलं जात असेल.

"काका, थेंब रोज जेवणाच्या सुट्टीतच पडतो?" ती हळूच म्हणाली. "आणि रोज 'नाही'वरच?"

जेवणाच्या सुट्टीत भिंतीपलीकडं तीनमध्ये कोण उभा असतो, ते आम्हा दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. माझ्या मानेवरून काटा सरकला. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी.

शनिवारी तिनं मला चार नंबरच्या दाराच्या झरोक्याशी उभं केलं आणि स्वतः तीनमध्ये गेली. गारठ्याला काही सांगितलं नव्हतं. चारच्या आत अंधार, हिम, आणि कोपऱ्यात टॅबचा निळा उजेड. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "दाबा." इकडं रिकाम्या खोलीत 'नाही' उजळलं.

"पुन्हा दाब." तुम्हीचं तू कधी झालं कोण जाणे.

"माझं बोट लागत नाही गं."

"माझा हात धर."

मग तो म्हणाला, "आज शनिवार... तू जाणार."

"पुढचं काम मी याच गावातलं मागून घेतलंय. आता नीट ऐक, प्रश्न मीच विचारते. तुझं ऐकणारं कोणी आहे का इथं?"

अंधारात 'हो' उजळलं.

"काका?" तिचा आवाज कापत होता.

"लागलं गं पोरी," मी म्हटलं.

साहेबांना तिनं कागद सुचवला. नुसत्या खुणांचा, बाहेर उबेत बसून भरायचा, आणि कागदांची पेटी मुकादमानं नाही, तिनं उघडायची. कारण सांगितलं, थंडीत काचेला माणूस कळत नाही. साहेबांनी मान डोलावली.

टॅब काढायला चारचं कुलूप मीच उघडलं. काचेवर हिमाचा जाड थर. फक्त 'हो'च्या जागी दोन बोटांपुरतं वितळलेलं, एक जाड, एक नाजूक.

मी हात लावून बघितलं. अजून कोमट होतं.