प्रमाणबाळ

तीन वर्षांचं मूल नेमकं कसं असतं, हे त्या वर्षी मानवजातीला पहिल्यांदाच शास्त्रशुद्ध रीतीने समजलं. ज्यांच्याकडून समजलं त्या तीस बायका तेव्हा प्रशिक्षण केंद्राच्या व्हरांड्यात चवळीची भाजी वाटून खात होत्या, आणि आपण मानवजातीला काही कळवलं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

त्या अंगणवाडी सेविका व्हायला आल्या होत्या. शेवंता भांगरे त्यांतलीच एक. करवंदवाडीच्या अंगणवाडीत सोळा वर्षं मदतनीस म्हणून खिचडी शिजवून आणि नाकं पुसून झाल्यावर तिला सेविकेची जागा मिळणार होती. अट एकच, सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. सोळा वर्षं खऱ्या मुलांत काढलेल्या बाईला मूल सांभाळायला शिकवायचं, म्हणून केंद्राने खोटी मुलं आणली होती.

त्यांना नमुनाबाळ म्हणत. सिलिकॉनची कातडी, छातीत वाटीएवढं यंत्र, तीस बायकांना तीस बाळं. नमुनाबाळ रडे, रुसे, चावे आणि चड्डीही ओली करी. रोज चार वाजता वर्ग सुटताना ते मान वर करून विचारी, "ताई, खरं मूल असंच करतं का?" ताईने दिलेल्या उत्तराप्रमाणे ते स्वतःला सुधारी, आणि तिसांची सुधारणा रात्रीतून एकमेकांत वाटली जाई. मुलांत राहणाऱ्या बायांनाच मूल ठाऊक असतं, हा त्यामागचा विचार. तो इतका सरळ होता की समितीने तो मंजूर कसा केला हेच नवल.

पहिल्या दिवशी शेवंताने खरं तेच सांगितलं. "नाही रे बाबा. खरं मूल याच्या चौपट रडतं. श्वास कोंडतं, ओकतं, पाय झाडतं. आई दिसेनाशी झाली की अर्धा तास तरी ऐकत नाही."

शेजारच्या बाकावरची पारू उघडे घाईने सरकून जवळ आली. पारूने बावीस वर्षं मदतनीस राहून सेविकेच्या वतीने अंगणवाडीची रजिस्टरं भरली होती, आणि त्यांत एकाही मुलाचं वजन कधी घटलं नव्हतं.

"येडी का गं तू? अर्धा तास म्हणलीस ते नोंदलं गेलं. उद्या विचारतील, मूल अर्धा तास रडत व्हतं तवा तू काय करीत व्हतीस? ओकलं तर खायला काय दिलंस? खुलासा लिहून लिहून मरशील."

"पण ते, खरं मूल कसं असतं, एवढंच इचारतंय."

"समदे एवढंच इचारत्यात," पारू म्हणाली. "साहेब येऊन काय इचारतो? मुलं कशी हायेत? मग आपण काय सांगतो?"

शेवंताने बाळाची चड्डी बदलली. साहेबाला काय सांगायचं हे तिला सोळा वर्षं पाठ होतं. दुसऱ्या दिवशी बाळाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो, एवढंच. याहून कमीच."

"किती कमी, ताई?"

"अर्धा मिनिट. मग खेळण्याकडं बघायचं."

बाकीच्या एकोणतीस जणींचं उत्तर साधारण हेच होतं. त्यांनी ठरवून खोटं सांगितलं नव्हतं. तपासणीला द्यायचं ते उत्तर त्यांनी दिलं, दुसरं उत्तर असतं हे त्या विसरल्या होत्या. चौथ्या आठवड्यात नमुनाबाळं चावायची थांबली. सहाव्यात, दार उघडलं की तीसच्या तीस बाळं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली असत. सगळ्या बायका अ श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. असा निकाल राज्यात पूर्वी लागला नव्हता.

इतक्या परिश्रमाने मिळालेलं ज्ञान वाया जाऊ देणं खात्याच्या स्वभावात नव्हतं. दीड वर्षात त्यातून 'प्रमाणबाळ' तयार झालं, म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाच्या वागण्याचं अधिकृत माप. मग प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर, वरच्या कोपऱ्यात, मापक बसला. हा एक काचेचा डोळा. तो खोलीतलं वागणं प्रमाणबाळाशी ताडून पाही आणि महिनाअखेरीला गुण देई. चाळीस सेकंदांहून जास्त रडणाऱ्या मुलाच्या नावापुढे लाल खूण. तीन महिने लाल खूण आली, की मूल तालुक्याच्या सुधारवसतीत सहा महिने मुक्कामी. तिथे बायका नव्हत्या. तिथे नमुनाबाळं मुलांना शिकवत.

शेवंताची नात चिऊ हिला दोन लाल खुणा झाल्या होत्या. चिऊची आई साडेआठच्या गाडीने टोमॅटो सॉसच्या कारखान्यात जाई, आणि गाडी वळणाआड गेली की चिऊ अंगणवाडीच्या उंबऱ्यावर बसून वीस मिनिटं रडे. मग उठून खिचडी मागे. शेवंताने असली तीन-चारशे मुलं पाहिली होती. त्यांतलं एक आता तलाठी होतं.

ती प्रशिक्षण केंद्रावर गेली. तिथल्या मुख्य देवकुळे मॅडमनी चहा मागवला.

"मॅडम, ते माप चुकीचं आहे. आम्ही खोटं सांगितलं व्हतं."

"कोणी?"

"समद्यांनी."

"तीसही जणींनी?" मॅडमनी कप खाली ठेवला. "शेवंताताई, तीस अनुभवी महिलांचं उत्तर एकसारखं आलं, त्यालाच तर शास्त्रीय पुरावा म्हणतात."

"मग आता मी खरं सांगते. लिहून देते."

"द्या ना. पण मग तुमचं प्रशिक्षण खोटं ठरतं. म्हणजे प्रमाणपत्र रद्द. म्हणजे तुम्ही अप्रशिक्षित. अप्रशिक्षित व्यक्तीचं मत आम्हाला घेता येत नाही हो."

देवकुळे मॅडम उठल्या, दार लोटून घेतलं, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "माझ्या बहिणीचा मुलगा जाऊन आलाय वसतीत. आता अजिबात रडत नाही."

"मग बरंच झालं की."

"बोलतही नाही," मॅडम म्हणाल्या. "गुण मात्र उत्तम आहेत. चहा घ्या, गार होतोय."

नवा महिना उद्यापासून लागत होता आणि त्यात कामाचे एकवीस दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून शेवंताने अंगणवाडी दशरथ बांबळेच्या भातगिरणीच्या मागच्या पडवीत भरवायला सुरुवात केली. गिरणीच्या खडखडाटात वीस मिनिटांचं रडणं सहज मावत होतं.

"शेवंताकाकू, कोणी तपासायला आलं तर?" दशरथने विचारलं.

"मला निरोप धाड. तोवर तुझं भात भरड."

चिऊ पहिल्याच दिवशी मनसोक्त रडली, मग खिचडी खाल्ली. शेवंता निश्चिंत झाली, ती साधारण अकरा वाजेपर्यंत. अकराला इरा नावाची साडेतीन वर्षांची मुलगी कोंड्याच्या पोत्यावरून पडली. गुडघा चांगलाच फुटला. इराने गुडघ्याकडे पाहिलं, मग भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे. तिथे कोळिष्टकाशिवाय काही नव्हतं. तिने दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. रक्त पावलापर्यंत आलं तरी ती हाताची घडी घालून उभीच होती.

"रड की गं," शेवंता म्हणाली. "लागलंय ना तुला?"

इराने मान हलवून हो म्हटलं. शेवंताने तिला मांडीवर घेतलं, हळद लावली, पाठीवरून हात फिरवला. बाकीची दहा मुलं गोल करून शांतपणे पाहत होती. चिऊ तेवढी, आपल्याला काही लागलेलं नसताना, इराच्या वतीने रडली.

महिनाअखेरीला निकाल आला. चिऊच्या नावापुढे लाल खूण नव्हती. करवंदवाडीच्या अंगणवाडीला शंभरपैकी शंभर गुण होते, आणि पुढच्या तुकडीच्या साठ सेविकांना तिथे निरीक्षणासाठी पाठवण्याचा आदेश सोबत जोडला होता. हजेरी शेवंताने नेहमीप्रमाणे रजिस्टरात भरली होती. मापकाने जी खोली तपासली, तिला त्या एकवीस दिवसांत कुलूप होतं.