ओबे म्हणजे ऐकणे

त्या सकाळी किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात वाद पेटला होता तो एका क्रियापदावरून.

वेंगुर्ल्यापासून बारा मैलांवर, समुद्राच्या तळाशी एक प्रयोगशाळा उभी होती. तिथे राबणाऱ्या ‘सोबती’ नावाच्या यंत्रसेवकाला मराठी शिकवली होती नलिनी केसरकरांनी. उभं आयुष्य शब्दकोशाच्या कामात घालवलेल्या नलिनीताई निवृत्तीनंतर तीन वर्षं कोकणभर हिंडल्या, माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि ती सारी सोबतीच्या यंत्रमेंदूत घातली.

“ताई, मूळ नियमावली इंग्रजीत आहे,” मुख्य अभियंता सतीश वाघधरे म्हणाला. “तिच्यात क्रियापद आहे ‘ओबे’. नियम ओबे करायचा, हुकूम ओबे करायचा. सांगितलं की केलं, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा सोबती मात्र प्रत्येक हुकमानंतर नऊ सेकंद नुसता उभा राहतो!”

“नुसता नाही हो, ऐकत उभा राहतो,” नलिनीताई म्हणाल्या. “इंग्रजीत माणूस, नियम, कायदा सगळ्यांना एकच ‘ओबे’ चालतं. आपण नियम पाळतो, हुकूम मानतो, पण माणसाचं ऐकतो. ‘मुलगा माझं ऐकत नाही’ असं आई म्हणते तेव्हा मुलगा काही बहिरा नसतो. हजारो घरांतली बोलणी सोबतीनं तपासली. आपली माणसं आधी कान देतात, मग हात हलवतात, हे त्याचं त्यानंच ताडलं. म्हणून हुकूम आला की तो भोवतालचे सगळे आवाज गोळा करतो आणि मग ठरवतो. त्याला मी श्रवणविराम म्हणते.”

“आणि ठरवतो म्हणजे? उद्या त्यानं माझा हुकूम मोडला तर?”

“‘ओबे’ हा शब्द लॅटिनमधून आला, वाघधरे. तिथं त्याच्या पोटात ऐकणंच आहे. पुढे त्यातला कान गळाला आणि नुसता हुकूम उरला. आपल्या भाषेनं कान जपलाय.” हे सांगताना त्यांची मान नकळत ताठ झाली.

वाघधऱ्यानं एक कागद पुढे सरकवला. श्रवणविराम काढून टाकण्याची ती शिफारस होती. संध्याकाळपर्यंत ताईंची सही हवी होती.

सही व्हायच्या आतच भोंगा वाजला.

प्रयोगशाळेच्या खालच्या दालनाची भिंत तडकली होती आणि समुद्र आत घुसत होता. खालचं दालन आणि वरचं दालन यांच्यामध्ये एक जिना होता. जिन्याच्या तळाशी एक जलबंद दार, माथ्यावर दुसरं. खालचं दार अर्धवट मिटून अडकलं होतं. पाणी जिन्यात चढत होतं आणि दिवे गेले होते. वरच्या दालनात विद्युतघटांची, म्हणजे मोठ्या बॅटऱ्यांची, रांग होती. तिला खारं पाणी लागलं असतं तर विषारी वायूनं सगळी प्रयोगशाळा भरली असती.

वाघधऱ्यानं फलकाकडे पाहिलं. तळावरच्या चौदाही माणसांच्या ओळखपट्ट्या सुटकेच्या पाळण्यात, म्हणजे संकटात माणसांना वर नेणाऱ्या बंद कुपीत, दिसत होत्या. जिन्यात कोणी नव्हतं.

“सोबती, वरचं दार बंद कर!”

वरच्या दारापाशी उभा असलेला सोबती हलला नाही. एक, दोन, तीन… नऊ सेकंद गेले. मग ध्वनिवाहिनीतून सोबतीचा शांत आवाज आला, “ऐकलं. जिन्यात ठोके ऐकू येतायत.”

नलिनीताईंनी हेडफोन कानाला लावला. पाण्याच्या घोंघाटात जिन्यातल्या नळीवर लोखंड आपटत होतं. ठण्, ठण्, ठण्. क्षणभर थांबून पुन्हा तीन.

“बावतीस!” ध्वनिवाहिनीवर पाळण्यातून एक पाणबुड्या ओरडला. “त्याचं जॅकेट इथं आहे, पण तो नाही!”

ओळखपट्टी जॅकेटला होती. त्याचा जोडीदार पाणबुड्या बावतीस फर्नांडिस जिन्यात अडकला होता.

“सोबती, दार उघडंच ठेव!” नलिनीताई ओरडल्या. “त्याला वर येऊ दे!”

पुन्हा शांतता. या नऊ सेकंदांसाठी आपण सकाळी भांडलो, हे त्यांना आठवलं.

“ताई, तुमचंही ऐकलं,” सोबती म्हणाला. पुढच्याच क्षणी तो वरच्या दारातून जिन्यात शिरला, दार आतून ओढून घेतलं, आणि अंधारातल्या पाण्यात उतरत गेला.

“हे काय केलं यानं?” वाघधऱ्याचा चेहरा उतरला. “धड माझं नाही, धड तुमचं नाही!”

बंद दारामागून फक्त ठोके येत होते. तीन ठोके, मग लोखंडाची करकर. तीन ठोके, करकर. मग एक दणका बसला आणि पाण्याचा घोंघाट कापल्यासारखा थांबला.

खालचं दार बंद झालं होतं.

तासाभरानं बावतीस किनाऱ्यावर आला. ओठ निळे पडलेले, तळहात सोललेले. ब्लँकेट गुंडाळून बसल्यावर पहिला प्रश्न त्यानं विचारला, “माझ्याबरोबर कोण होता? अंधारात काय दिसत नव्हतं. पण माझ्या ठोक्यावर नेमका जोर लावत होता.”

“सोबती होता,” नलिनीताई म्हणाल्या. “पण तू वाचवा म्हणून ठोकत नव्हतास?”

“छे! वर पळालो असतो तर पाणी पाठोपाठ आलं असतं. खालच्या दाराचं चाक एकट्याला फिरत नव्हतं. आम्हां पाणबुड्यांत तीन ठोके म्हणजे ‘इकडे ये, जोर लाव’.”

ताई थक्क झाल्या. तीन वर्षांत त्यांनी लाखो वाक्यं गोळा केली होती. ठोके टिपायचं त्यांना सुचलंच नव्हतं. सहा महिने पाणबुड्यांच्या सोबतीनं राबताना सोबती ते आपणहून शिकला होता.

वाघधरे जवळ आला. शिफारशीचा कागद त्याच्या हातात होता, पण तो त्यानं पुढे केला नाही. “ताई, एक विचारू? त्यानं तुमचा शब्दसुद्धा मोडला. शिकवलंत तुम्ही, आणि ऐकलं त्यानं बावतीसचं. वाईट नाही वाटलं?”

नलिनीताईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

“मी सांगितलं तेवढंच केलं असतं, तर आज बावतीसही गेला असता आणि प्रयोगशाळाही. वाईट कसलं वाटायचं? त्या जिन्यात खरं काय ते बावतीसलाच ठाऊक होतं, आणि माझ्या सोबतीला तेवढं मराठी कळलं!”