पदकाची कोरी बाजू

आमच्या संग्रहालयाच्या पदक-दालनात माणसं उन्हापासून सुटका म्हणून शिरतात आणि दोन मिनिटांत जातात. एका माणसाने मात्र पहिल्याच दिवशी बसायला स्टूल मागितलं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

दुधाने तोंड पोळलं होतं, ताक फुंकून पिणं आलंच. गेल्या वर्षी कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत एक पदक उचललं आणि जागी खोटं ठेवून गेलं. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं साहेबांनी बजावलं होतं. ओतून काढलेली नक्कल अस्सल पदकापेक्षा केसभर लहान भरते, धातू थंड होताना आक्रसतो ना. म्हणून तो गेला की मी पदक कॅलिपरने मोजायचे. रोज.

तो एकच पदक मागायचा, एका राजेशाही लग्नाचं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला राणी. मी समोर बसून त्याच्या बोटांवर नजर ठेवायचे. बोटं छान होती... पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

तो सांगायचा, राजा कधी न पाहिलेल्या माणसांनाही तो रुबाबदार दिसावा म्हणून अशी पदकं गावोगाव वाटत. कारागीर राजाचं नाक सरळ करत, लोंबती हनुवटी उतरवत. आपणही पदकं कोरतो, असं म्हणाला. चोर दुसरं काय सांगणार?

"आणि बिचारे दोघं," तो हळूच म्हणाला, "तीनशे वर्षं एकमेकांकडे पाठ करून आहेत."

मला हसू आलं. ते मी खोकल्यात लपवलं.

सोमवारी त्याच्या नखांत मेण दिसलं. नकलेसाठी ठसा मेणावरच घेतात! भीती वाटली ती नोकरीसाठी — आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीही. मी दाराला कडी घातली.

"खिसे रिकामे करा."

तो कानापर्यंत लाल झाला. रुमालात गुंडाळलेली मेणाची गोल चकती त्याने टेबलावर ठेवली. घरी आठवून केलं, आज ताडून बघायचं होतं, असं काहीसं पुटपुटला.

मी आधी चकती मोजली. पदकापेक्षा चांगली बोटभर मोठी. मग पाहिलं... बाजूने दिसणारा बाईचा चेहरा. नाक बसकं, कपाळावर ठसठशीत आठी. मीच.

"नाक थोडं सरळ करता आलं असतं," मी म्हटलं.

"ते राजेलोकांचं. मला तुम्ही आहात तशा हव्या होतात. आठीसकट."

मी चकती उलटली. मागची बाजू कोरी होती.

"इथे काय येणार?"

"तुम्ही हो म्हणालात, तर... माझा चेहरा."

मी राजाराणीचं पदक पुन्हा एकदा मोजलं, पेटीत ठेवलं, कुलूप ओढून पाहिलं. तो जागचा हलला नाही.

"नको," मी म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. "दोघांना एकाच बाजूला कोरा, समोरासमोर. मी तुमच्याकडे पाठ करणार नाही — तुमच्यावर नजर ठेवावी लागते."