पाव आटा सैल

ती सायकल घ्यायला आलीच नव्हती मुळी. तिला हवी होती जुन्या ट्यूबची एक पट्टी. दोन बोटं रुंद असली तरी पुरे, पण लवकर. दुकानाच्या दारात उभी राहून तिनं एवढंच सांगितलं आणि घुम्यानं मान वर केली. कपाळावर चिकटलेले केस, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या आणि एका हाताला रक्त. समोरच्या फुटपाथवर एक तपकिरी कुत्री मागचा पाय उचलून केविलवाणी बसली होती.

घुम्यानं काही विचारलं नाही. कात्रीनं ट्यूब कापली आणि पट्टी द्यायला म्हणून निघाला तो तिच्या मागोमाग रस्ता ओलांडून थेट कुत्रीपाशीच जाऊन बसला. ती म्हणाली तिथं धरलं, म्हणाली तेव्हा सोडलं. पट्टी बांधताना ती हलक्या आवाजात कुत्रीशी बोलत होती — झालं हं, आता झालंच, शहाणी ना तू... आम्हाला विचाराल तर जे काय व्हायचं ते तिथंच होऊन गेलं. पुढचे तीन आठवडे म्हणजे नुसते सोपस्कार होते.

घुम्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते आत्यानं ठेवलेलं. दुकानही आत्याचंच, नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभं ठेवलेलं, आणि हा तिचा भाचा आठ वर्षं मागच्या बाजूला पाने-पकडींमध्ये रमलेला. माणसांशी बोलायची वेळ आली की याची जीभ टाळ्याला चिकटायची. सायकलीबद्दल मात्र विचारावं आणि मग थांबवता थांबवता पुरेवाट व्हावी. अभिमान म्हणाल तर एकाच गोष्टीचा, याच्या हातून गेलेली सायकल तक्रार घेऊन परत येत नसे.

पट्टी बांधून झाल्यावर ती हात धुवायला दुकानात आली आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली, काचेतल्या लाल सायकलीकडे बघत. पुढं स्प्रिंगा, मागं स्प्रिंगा, जाडजूड टायर. मग तिनं आत्याला सांगितलं, ती गुरांची डॉक्टर आहे, नवी नेमणूक झालीय, वर डोंगरात. अकरा वस्त्या आहेत. जीप पहिल्या वस्तीपर्यंत जाते, पुढं सगळ्या पायवाटा आणि दगड. चालत दिवसाला दोन वस्त्या होतात, तोवर तिसरीतली शेळी तिची वाट बघून मरते. तिला डोंगरात चालेल अशी सायकल हवी होती, आणि तिच्याजवळ होते त्या लाल सायकलीच्या निम्मे पैसे.

आत्यानं लगेच दुसरी दाखवली. रंग तोच, स्प्रिंगा तशाच, किंमत बरोब्बर निम्मी. डॉक्टरणीचा चेहरा उजळला, आणि मागून आवाज आला, "नको."

आत्यानं डोळे वटारले. पण घुम्या सुटला होता. या किमतीतल्या स्प्रिंगा नुसत्या मिरवायच्या, तो सांगू लागला, वर्षभरात त्या गंजून घट्ट बसतात, आणि मग चढावर आपण उगाच लोखंड ओढत बसतो. पुढचं चाक धरणारा काटा साधा, सरळसोट घ्यावा. सीट, पायडल दुकानातली जुनी चालतील. एक अॅल्युमिनियमची फ्रेम पडून आहे, शहर सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याची, तिचा एकेक जोड त्यानं स्वतः तपासलाय. पुढं दात्यांचं चाक एकच, मागं मात्र ताटलीएवढं मोठं घालायचं, म्हणजे चढ कितीही उभा असो, बसल्या बसल्या चढता येतं. आणि वाचलेले सगळे पैसे ब्रेक, टायर आणि चाकांवर.

"दिसायला काही खास नसेल," तो शेवटी म्हणाला आणि एकदम आपण किती बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "पण... पाडणार नाही तुम्हाला."

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "इतकं खरं बोलून दुकान चालतं का हो?"

"तेच मी आठ वर्षं विचारतेय," आत्या गल्ल्यावरून म्हणाली.

फ्रेम बसते का बघायला मापं घ्यायला हवी होती. पायाचं आतून माप घ्यायचं म्हटल्यावर घुम्या कानापर्यंत लाल झाला, टेप आत्याच्या हाती दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्या आकडे सांगत होती, हा भिंतीवरच्या टायरच्या तक्त्यावर खडूनं लिहीत होता, आणि डॉक्टरीण हसू दाबताना दोनदा हलली म्हणून माप तीनदा घ्यावं लागलं. एरवी या कामाला दोन मिनिटं लागतात.

मग ती रोज संध्याकाळी येऊ लागली. वर दुकान नाही, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, तेव्हा शिकून घ्यायला हवं असं त्यानंच सांगितलं होतं. आठ वर्षांत ज्यानं गिऱ्हाइकाला पान्याला हात लावू दिला नव्हता, तोच आता तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचा. पंक्चर काढायला ती एका दिवसात शिकली. ब्रेकच्या पट्ट्या बदलायला दोन दिवस लागले. तिरपं ऊन दुकानाच्या मागच्या खिडकीतून यायचं, टांगलेल्या चाकांच्या आऱ्यांमधून फिरत फिरत तिच्या हातांवर उतरायचं, आणि घुम्या काय सांगत होता ते विसरायचा...

"मेकॅनिकसाहेब," ती म्हणायची, "पुढं?"

"हां. पुढं... मागच्या गिअरची तार." तार ताणायचा एक चिमुकला पेच असतो, बोटानं फिरवायचा. अर्धा आटा इकडे तर चेन कुरकुरते, अर्धा आटा तिकडे तर घसरते. डोळ्यांनी कळत नाही, कान द्यावा लागतो. तिनं डोळे मिटून कान दिला. दोघांची डोकी त्या चाकाशेजारी इतकी जवळ आली होती की घुम्याला चेनचा नाही, दुसराच कसला तरी आवाज ऐकू येत होता. तो आपल्याच छातीतून येतोय हे कळायला त्याला बराच वेळ लागला.

कधी ती दिवसभरातल्या पेशंटांबद्दल सांगायची. कोण लाथा मारतं, कोण लाडात येतं. तो ऐकायचा. तिला गाणं म्हणताना ऐकलं, चिडताना बघितलं, एकदा एक वासरू वाचलं नाही म्हणून पायरीवर गप्प बसलेली बघितली. त्या दिवशी त्यानं चहा आणून शेजारी ठेवला आणि स्वतःही पायरीवर बसला. ती म्हणाली, बरं वाटलं. पण बोलायचं होतं ते त्याच्या ओठांवर येऊन येऊन परत फिरत होतं, आणि सायकल मात्र दिवसेंदिवस पुरी होत चालली होती. टायर चढले, ब्रेक बसले. शेवटी उरली घंटी.

"परवा रविवारी जाते," ती म्हणाली. "राहायची खोली वरच मिळालीय. दोन वर्षं. आता खाली येणं व्हायचं ते काही बिघडलं तरच."

ती गेल्यावर आत्यानं चष्मा काढला. "काय रे शहाण्या, चेन उत्तम, टायर उत्तम, वर दुरुस्तीही शिकवलीस. इतकं चांगलं दिल्यावर ती परत येईल कशाला?"

आत्या थट्टेनं बोलली, पण याला ते जिव्हारी लागलं. रविवारी सकाळी, ती यायच्या पाच मिनिटं आधी, घुम्यानं आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. तार ताणायचा तो पेच पाव आटा सैल केला. फक्त पाव. चार दिवसांत चेन कुरकुरायला लागेल, ती वैतागेल, खाली येईल. मग आपण बोलू. चार दिवसांत तेवढा धीर येईल.

ती आली, सायकलीवरून हात फिरवला, आत्याला वाकून नमस्कार केला. घुम्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती... म्हणाली नाही. हात हलवला आणि गेली.

चार दिवस झाले. ती आली नाही. पाचव्या दिवशी रस्त्यात सायकलची घंटी वाजली की हा दारात, सहाव्या दिवशी तर घंटी न वाजताही दारात. आत्या बघत होती आणि देवाची कृपा म्हणजे गप्प होती.

शनिवारी दुपारी पोस्टमन सायकल ढकलत आला. हनुवटीवर चांगली जाडजूड पट्टी, आत पाच टाके. टेकडीच्या चढावर उभं राहून जोर लावला, तो सांगत होता, आणि नेमकी तेव्हाच चेन घसरली, हनुवटी हँडलवर. तार थोडी ढिली पडली होती, बाकी काही नाही.

घुम्याच्या हातातला पाना खाली पडला. तिला आपण काय दिलं होतं, पाडणार नाही असं सांगून? आपल्याला दोन शब्द बोलायचा धीर नव्हता, म्हणून तिची हनुवटी पणाला लावली. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्यानं आत्याला एवढंच सांगितलं, "जाऊन येतो," आणि आपली जुनी बिनगिअरची सायकल काढली.

तो घाट त्या सायकलीचा नव्हता. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं, बारीक भुरभुर सुरू झाली, झाडं दिसेनाशी होऊन नुसतीच ठिबकत राहिली. प्रत्येक वळणावर त्याला वाटायचं, इथं पडली असेल. मग उतरून ढकलत, धापा टाकत, चिखलानं माखत, विचारत विचारत तो तिच्या वस्तीवर पोचला तेव्हा ती गोठ्याच्या पडवीत एका शेळीचे वाढलेले खूर कापत बसली होती. हनुवटी धडधाकट. त्याच्या जिवात जीव आला आणि त्याच दमात तो बोलून गेला.

"मी गिअरचा पेच सैल करून दिला होता. मुद्दाम. पाव आटा. चूक केली मी. तुम्ही पडला असतात." श्वास संपला. पुन्हा घेतला. "तुम्ही परत यावं म्हणून केलं. मला... तुम्ही खूप आवडता. ते सांगता येत नव्हतं."

तिनं शेळीचा पाय सोडला. हात पुसले, सावकाश, एकेक बोट.

"मला माहितीय," ती म्हणाली. "गल्लीच्या टोकालाच कळलं होतं. कान द्यायला तुम्हीच शिकवलंत ना? तिथंच उतरले आणि घट्ट केला."

घुम्यानं मनात दिवस मोजले. म्हणजे आठवडाभर... काहीच बिघडलेलं नव्हतं?

"चूक तर होतीच. पहिल्या दिवशी मला रागही आला. मग वाटलं, हा माणूस असं करणारा नाही, मग केलं का असेल?" ती हसली. "अहो, बोलता न येणाऱ्यांचं दुखणं ओळखायचं, हेच तर माझं काम आहे."

"मग..." घुम्या म्हणाला आणि पडवीच्या खांबाला टेकवलेल्या तिच्या सायकलीपाशी गेला. सवयच ती. मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं, कान दिला. चेन कुरकुरली.

त्यानं वळून पाहिलं तर डॉक्टरीणबाई एकदम शेळीकडे बघायला लागल्या होत्या.

"आठवडाभर घट्टच होता," ती शेळीला उद्देशून म्हणाली. "आज दुपारी सैल केला. उद्या सुट्टी... खाली यायला काहीतरी कारण नको का?"

धुकं पडवीपर्यंत आलं होतं. कुठंतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणत होत्या आणि घुम्याला आपण इथवर चढून आलोय की अजून घाटातच आहोत ते नीट उमगत नव्हतं. तो पेचावर बोट ठेवून तसाच उकिडवा बसून राहिला. मग त्यानं विचारलं, काही बिघडलं नसताना तो दर रविवारी वर आला तर चालेल का.

ती येऊन त्याच्याशेजारी बसली, चाकाला टेकून. "तू येशील?"

"येईन."

"मग घट्ट कर तो."

त्यानं पाव आटा फिरवला. दोघांनी मिळून कान दिला, आणि चेनचा आवाज आला नाही.